चारही काचा बंद: जुन्या हॅचबॅकच्या पॉवर विंडोच्या प्रकल्प नोंदी, नागपूर, उन्हाळा २०२४

१८ मे २०२४, शनिवार

गाडी २०१२ ची हॅचबॅक, पेट्रोल, सेकंडहँड घेतलेली. चारही दारांना पॉवर विंडो, ड्रायव्हरच्या काचेला खाली जायचं ऑटो, बाकी सगळं साधं. बाबा होळीपासून सांगून राहिले होते की काच मधातच अडते आणि मग आपोआप सुरू होते, आणि या आठवड्यात चारही काचा एकदम बंद पडल्या, त्याही ड्रायव्हरची अर्धी खाली असताना. मे महिन्यात नागपुरात ही छोटी गोष्ट नाही. दुपारी गाडी उन्हात उभी राहिली की स्टेअरिंगला हात लावता येत नाही, आधी काचा खाली करून गरम हवा बाहेर काढायची मग एसीला काही जमते, आणि आईला वर्धा रोडवरच्या दवाखान्यात नेणं-आणणं चालू आहे तर गाडी घरी ठेवून देणंही शक्य नाही.

ओळखीच्या एका गॅरेजमध्ये दाखवलं तर दार न उघडता उत्तर मिळालं, मास्टर स्विच (ड्रायव्हरच्या दारातला, चारही काचांचा) गेला, तीन हजाराच्या आसपास खर्च येईल, त्याने नाही झालं तर मोटर पाहू. यातलं 'त्याने नाही झालं तर' मला पटलं नाही. मोटरपर्यंत वीज जाते की नाही हे मोजता येते, मग अंदाजाने पार्ट का घ्यायचा. म्हणून हे काम घरीच पार्किंगमध्ये करायचं ठरवलं आणि नोंदी ठेवून राहिलो, पुढे कोणाच्या गाडीला असंच झालं तर कामी येतील.

आज काहीच खोललं नाही, फक्त नीट पाहिलं की नेमकं काय होते. चावी ऑन, इंजिन बंद: एकही काच हलत नाही. इंजिन चालू: तेच. मागच्या दारांचे स्वतःचे स्विच दाबले: तेही मेलेले. सेंट्रल लॉक, हॉर्न, वायपर, हेडलाइट सगळे ठणठणीत. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बाबांनी दाखवली, ड्रायव्हरचं दार अर्धं उघडं धरून स्विच दाबला की काच हलते, दार लावलं की पुन्हा बंद! हे ऐकल्याबरोबर माझं लक्ष मोटरवरून उठून दार आणि बॉडीच्या मधल्या वायरींवर गेलं. पण लक्ष जाणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं.

तात्पुरता उपाय: बाबांनी स्विच वर ओढून धरला, मी दार हळूहळू हलवत राहिलो, एका जागी काच चालू झाली तशी तिथेच दार धरून ठेवून चारही काचा पूर्ण वर घेतल्या. आता काम होईपर्यंत काचेला हात लावायचा नाही असं घरात सांगून ठेवलं आहे.

१९ मे, रविवार

आज फ्यूज आणि रिले (चावी फिरवली की काचांची वीज जोडणारा विजेवरचा स्विच). काचांचा फ्यूज ३० अँपिअरचा, हिरवा, डॅशबोर्डच्या खाली उजव्या हाताला. उजेडात धरून पाहिला, पट्टी शाबूत दिसते, पण फ्यूज डोळ्याने पास करायचा नसतो, पायाजवळची बारीक चीर दिसतच नाही. ब्लेड फ्यूजच्या पाठीवर दोन छोटे उघडे ठिपके असतात, फ्यूज जागेवरच ठेवून चावी ऑन करायची आणि टेस्ट लॅम्प दोन्हींवर लावायचा. दोन्हीकडे सारखाच पेटला, म्हणजे फ्यूज चांगला. चावी फिरवली की रिलेचा टक आवाज येते, त्याने रिलेची कॉइल काम करते एवढंच कळते, आतले पॉइंट जळालेले असले तरी टक होतेच. ते पुढे स्विचपाशी व्होल्टेज मोजलं की समजेल. बॅटरी इंजिन बंद असताना १२.५ व्होल्ट, चालू असताना १४.१, तिथे काही अडचण नाही.

इथे एक सांगून ठेवतो कारण पार्किंगमध्ये सल्ला मिळाला. फ्यूज उडत असेल तर ४० चा टाका असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. फ्यूज हा वायरला वाचवायला असतो, मोठा टाकला तर फ्यूजच्या जागी दारातली वायर गरम होईल आणि तिथे कापूस, फोम, प्लॅस्टिक सगळं जळणारं सामान आहे.

आता सर्किट कसं चालते ते लिहितो, कारण ते कळलं की अर्धं निदान बसल्या जागी होते. काचेच्या मोटरला दोनच वायरी. स्विचला हात लावला नसेल तेव्हा दोन्ही वायरी स्विचमधून अर्थला (गाडीची बॉडी, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह) जोडलेल्या असतात. वर दाबलं की एका वायरीला प्लस मिळते आणि दुसरी अर्थवरच राहते, खाली दाबलं की उलट, म्हणून मोटर दोन्ही दिशांनी फिरते. या जुन्या पद्धतीच्या गाड्यांमध्ये चारही मोटरींचा अर्थ ड्रायव्हरच्या मास्टर स्विचमधून जातो, मागच्या दाराचा स्विच दाबला तरी करंट परत यायचा रस्ता ड्रायव्हरच्या दारातूनच. (नवीन गाड्यांमध्ये दरेक दारात वेगळं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असू शकते, तिथे हे जसंच्या तसं लागू होत नाही.)

म्हणून एकच काच बंद असेल तर तिचा स्विच, तिची वायर, तिची मोटर किंवा काचेची मशीन (काच वर-खाली ओढणारा सांगाडा) पाहायची. ड्रायव्हरची चालते आणि बाकी तिघींचे स्वतःचे स्विच चालत नाहीत तर सगळ्यात आधी विंडो लॉकचं बटण पाहा, मुलांच्या हाताने दाबलं गेलेलं असते. आणि चारही एकदम बंद असतील तर चार मोटरी एका दिवशी मरत नाहीत, जे चौघींचं सामाईक आहे तेच पाहायचं, फ्यूज, रिले, मेन प्लस, मेन अर्थ, मास्टर स्विच. पहिली दोन जवळपास सुटली.

२५ मे, शनिवार

आजपासून नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. पहाटे साडेपाचला सुरुवात केली, नऊच्या नंतर पार्किंगच्या पत्र्याखाली बसणं होत नाही.

ड्रायव्हरच्या दाराचं पॅड (आतलं आवरण) काढलं. आधी बॅटरीचं निगेटिव्ह सोडलं. आपल्या गाडीत दारात एअरबॅगचं काही नाही, पण ज्यांच्या गाडीत साइड एअरबॅग आहे त्यांनी निगेटिव्ह सोडून थोडा वेळ थांबायचं आणि पिवळ्या कपलरला (वायरी जोडायच्या प्लगला) हात लावायचा नाही. स्क्रू दिसतात तेवढेच नसतात, एक हँडलच्या मागच्या टोपणाखाली, एक हात धरायच्या खाचेच्या तळाशी, आणि आरशामागची त्रिकोणी पट्टी वेगळी निघते. मग खालून प्लॅस्टिकची पट्टी घालून एकेक क्लिप सोडवायची, लोखंडी पेचकस घातला तर पॅडची कड फाटते. बारा वर्षं ऊन खाल्लेल्या क्लिपा आहेत, त्यातल्या काही तुटणारच, म्हणून नवीन आधीच आणून ठेवाव्या.

पॅडच्या मागे प्लॅस्टिकचा कागद काळ्या चिकट लांबीने (पुटीने) चिकटवलेला असते. तो फाडून फेकायचा नाही!! बऱ्याच गाड्यांमध्ये कोणीतरी आधी फाडलेला असते आणि मग पावसाळ्यात पायाखालचं कार्पेट ओलं होते, लोक छतातून गळते म्हणून सनरूफ आणि काच तपासत बसतात. आपला शाबूत निघाला. उन्हाने लांबी मऊ होती, हळूहळू सोडवून कागद वर गुंडाळून टेपने लावून ठेवला.

मास्टर स्विच बाहेर काढला, कपलर मागूनच तपासायचा म्हणून लावलेलाच ठेवला, बॅटरी पुन्हा जोडली. प्लसच्या पिनवर १२.४ व्होल्ट, म्हणजे रिलेही पास. अर्थच्या पिनवर मीटरचं बीप लावलं, बॉडीशी कंटिन्युइटी आहे, बीप वाजते. दार लावून पाहिलं तरी वाजते. कागदावर सगळं बरोबर आणि काच मात्र हलत नाही. याच जागी माणूस म्हणते की प्लस येते, अर्थ येते, मग स्विचच खराब, आणि नवीन स्विच घेऊन येते. ऊन वर आलं होतं, इथेच थांबलो.

२६ मे, रविवार

आजचा दिवस या सगळ्या कामातला मुख्य, म्हणून सविस्तर.

कालची दोन्ही मापं बरोबर होती पण ती बिनलोडची मापं होती. मल्टिमीटर सर्किटमधून जवळपास काहीच करंट घेत नाही, त्यामुळे कुजलेल्या वायरच्या टोकावरही तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवते, आणि बीप तर बरेच मीटर तीस-चाळीस ओहमपर्यंतही वाजवतात. काचेची मोटर मात्र चालताना पाच-सात अँपिअर मागते आणि अडली तर त्याच्या तिप्पट. रिकाम्या बैलगाडीवरून पुलाची परीक्षा होत नाही, गाडी भरलेली पाहिजे.

म्हणून इंडिकेटरचा जुना २१ वॅटचा बल्ब घेतला, होल्डरला दोन वायरी लावल्या, हा बल्ब साधारण पावणेदोन अँपिअर घेते. प्लसची पिन आणि दाराची उघडी बॉडी यांच्यामध्ये लावला, लख्ख पेटला. म्हणजे फ्यूजपासून इथपर्यंत प्लस लोडवरही पक्का. मग तोच बल्ब प्लसची पिन आणि अर्थची पिन यांच्यामध्ये लावला तर नुसती लाल तार दिसली. बल्ब तसाच ठेवून बाबांना दार हळूहळू लावायला सांगितलं, आधी थोडा वाढला, मग फडफडला, दार बंद झाल्यावर पार गेला. म्हणजे अर्थ.

खात्री म्हणून मीटरनेही पाहिलं. काळी सुई लांब वायर लावून थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल सुई स्विचच्या अर्थच्या पिनवर. स्विच न दाबता शून्य. काचेचा स्विच दाबला तर ११ व्होल्टच्या वर! अर्थच्या वायरीवर ११ व्होल्ट म्हणजे बॅटरीचा सगळा जोर त्या वायरीतल्या एका खराब जागीच खर्ची पडून राहिला आहे, मोटरच्या वाट्याला एक व्होल्ट. चांगल्या अर्थवर स्विच दाबल्यावर दोन-तीन दशांश व्होल्टच्या वर जायला नको. हिशोब केला तर कुठेतरी ८ ओहमच्या आसपास अडथळा आहे, बीप वाजायला भरपूर आणि मोटर चालवायला काहीच कामाचा नाही.

मास्टर स्विच निर्दोष आहे हे एवढ्यावर कळलं. ज्याला हे काम शिकायचं आहे त्याने बाकी काही नाही तरी ही एक सवय लावून घ्यावी, माप घ्यायचं ते लोड चालू असतानाच. मला हे कोणी कॉलेजात सांगितलं असतं तर बरं झालं असतं, तिथे ओहमचा नियम फळ्यावर शिकवला पण वायर हातात देऊन नाही.

२ जून, रविवार

गुरुवारी ३० मे ला शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंशाची नोंद आली आणि दिवसभर सगळ्यांच्या फोनवर तेच फिरत होतं. नंतर हवामान खात्याकडून कळलं की सेन्सरमध्ये गडबड होती. नागपूरचा आजवरचा उच्चांक २०१३ च्या मे मधला ४७.९ आहे, त्याच्यापेक्षा एकदम आठ अंश वर उडी म्हटल्यावर आधी यंत्र तपासायचं हेच बरोबर. गेल्या रविवारच्या कामानंतर ही बातमी वाचून राहिलो तेव्हा फार जवळची वाटली, आकडा आला म्हणजे माप झालं असं नसते, तो कसा आला हे पाहावं लागते.

आज दार आणि खांबाच्या मधला रबरी भाता (ज्या नळीतून दाराच्या वायरी जातात) सोडवला. दोन्ही टोकांना खाचेत बसवलेला असते, बोटाने कड आत दाबून ओढला की निघते. वायरींचा जुडगा उघडून कापडी टेप काढली. जाडी काळी अर्थ वायर वरून साबूत दिसते, पण दोन बोटांनी हलकं ओढलं तर इन्सुलेशन रबरागत लांबलं. आतल्या सगळ्या तारा तुटलेल्या, टोकं एकमेकांना फक्त टेकलेली आणि हिरवी पडलेली. बाजूच्या आणखी दोन वायरींचं इन्सुलेशन चिरलेलं आहे, तांबं दिसते, त्या आज चालतात पण त्यांचंही आयुष्य संपलं. म्हणून दार अर्ध्यात असताना टोकं दाबली जाऊन काचा चालायच्या आणि बंद केल्यावर सरकून वेगळी व्हायची.

ड्रायव्हरचं दार बाकी तिन्हींपेक्षा कितीतरी जास्त उघडते म्हणून हा त्रास बहुतेक गाड्यांमध्ये आधी तिथेच होते. हिरवेपणाचं आणखी एक कारण आहे असं मला वाटते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन पूर आला तेव्हा ही गाडी ताईकडे त्याच भागात उभी होती. पाणी दाराच्या खालच्या भागात शिरलं होतं, तेव्हा सीट आणि कार्पेट वाळवले, इंजिन दाखवून घेतलं, पण दार उघडून कोणी पाहिलं नाही. आज दाराच्या तळाशी बोट फिरवलं तर अजून बारीक गाळ लागते. त्या पुरात ज्यांच्या गाड्या होत्या त्यांनी काचा चालू असल्या तरी एकदा दाराची पॅडं काढून पाहावी, मनापासून सांगून राहिलो.

६ जून, गुरुवार

ऑफिसवरून येताना बर्डीच्या बाजारात मोदी नंबर ३ च्या गल्लीत थांबून श्रिंक स्लीव (गरम केली की जोडावर आवळणारी नळी) आणि थिंबल (दाबून वायरी जोडायची धातूची नळी) घेतले, आतून गोंद असलेली स्लीव मागून घ्यायची, साधी घेतली तर पाणी आत जाते. ऑटोची बारीक तारांची वायर घाट रोडवरून, अर्थसाठी २.५ स्क्वेअर एमएम, बाकी दोघींसाठी १.५. घराच्या वायरिंगची उरलेली वायर कोणाच्याही कपाटात असते पण इथे ती लावायची नाही, तारा जाड असतात, वाकून वाकून लवकर तुटतात.

८ जून, शनिवार

जोडणी झाली. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका आयुष्यभर ट्रकच्या वायरिंगचं काम करून निवृत्त झाले, ते सकाळी खुर्ची टाकून बसले.

"काहून रे, सरळ डाग दे न. पक्कं होते."

"काका, सोल्डरचा डाग पक्काच बसते. पण कथील तारांमध्ये वर चढते न, तेवढी वायर कडक होते, आणि ही जागा दिवसभर वाकून राहते. कडक आणि मऊ भेटते तिथेच पुन्हा तुटन."

काका थोडा वेळ वायरी पाहत राहिले. "मग जोड वाकते तिथे ठेवूच नको न बाबू. भात्यातून सलग वायर घे. एक जोड इकडे खांबाच्या आत, एक दाराच्या आत."

हेच बरोबर होतं. भात्याच्या आत एकही जोड नाही, तीनही वायरींचे नवीन सलग तुकडे, एक टोक पायाजवळच्या पॅनलच्या मागे आणि दुसरं दारात. जोड एकाच रेषेत न ठेवता मागेपुढे केले म्हणजे जुडगा एका जागी फुगत नाही आणि एखादी स्लीव फाटली तरी वायरी एकमेकींना लागत नाहीत. डागाऐवजी थिंबल दाबून बसवले, प्रत्येक जोड ओढून पाहिला, वरून स्लीव. नवीन वायर भात्यातून घालायला जुन्या वायरीच्या टोकाला दोरा बांधून ओढली आणि थोडा सिलिकॉन स्प्रे मारला, नाहीतर रबरात अडकून बसते. दार पूर्ण उघडल्यावर वायरीला ताण येऊ नये एवढी ढील ठेवली. दाराच्या आत काचेच्या रस्त्यात वायर लोंबू नये म्हणून पत्र्याला टाय मारून बांधली, हे विसरण्यासारखं आहे आणि महाग पडते, काच खाली येताना वायर कापते.

मग मीटर पुन्हा त्याच दोन जागी. स्विच दाबून अर्थच्या पिनवर ०.१५ व्होल्ट. ड्रायव्हरची काच एका दमात खाली आणि वर! बाबांनी स्विच धरून ठेवला आणि मी दार उघडून लावून पाहिलं, कुठेच अडत नाही. उजवी मागची, समोरची डावी, दोन्ही चालू. डावी मागची अर्ध्यात जाऊन थांबली.

९ जून, रविवार

डावी मागची थंड असताना एकदा पूर्ण वर जाते, खाली येते, मग वर जाताना हळू होत होत थांबते. दहा-पंधरा मिनिटं सोडून दिलं की पुन्हा चालते. हे मोटर मेल्याचं लक्षण नाही. मोटरच्या आत उष्णतेचा कटआउट असतो, जास्त करंट घेऊन गरम झाली की तो मोटरला तोडते आणि थंड झाल्यावर जोडते, म्हणून आपण वाट पाहायची, स्विच दाबत राहायचं नाही. प्रश्न हा की एवढा करंट काऊन घेऊन राहिली.

मोटर पूर्ण मुकी असती तर आणखी एक जुना प्रयोग आहे, कोणीतरी स्विच दाबून धरायचा आणि आपण दाराच्या पॅडवर मोटरच्या जागी तळहाताने मारायचं. मोटरच्या आतले ब्रश (फिरत्या भागाला वीज देणारे कार्बनचे तुकडे) झिजलेले असले तर झटक्याने चालू होते. तसं झालं तर मोटर बदलायचीच आहे, पण निदान काच तरी वर घेता येते.

१५ जून, शनिवार

भाऊ हिंगणा एमआयडीसीत आहे, त्याच्याकडून डीसी चालणारा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती धरून करंट मोजायचा) एका दिवसासाठी आणला. साधा एसीचा क्लॅम्प इथे काही दाखवत नाही, आणि मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या सॉकेटमधून मोटर चालवू नये, काच अडली की मीटरचा आतला फ्यूज जाते. वर जाताना बाकीच्या काचा ५ ते ६ अँपिअर घेतात, वरच्या रबराला टेकल्यावर क्षणभर वाढतात. डावी मागची मधातच १२-१३ आणि वर पोचेपर्यंत १८.

दाराचं पॅड काढून काच मशीनपासून वेगळी केली आणि हाताने सरकवली. जड. म्हणजे मोटर किंवा मशीन नाही, काचेचं रबर. इथे एक इशारा. काच सोडवायच्या आधी वरून चौकटीला रुंद टेपने नीट बांधून ठेवा, नाहीतर सरळ दारात पडते. आणि कैचीसारख्या हातांची मशीन असेल तर तिला स्प्रिंग असते, मोटर काढली की हात झटक्याने फिरते आणि बोटं जाऊ शकतात. तशी मशीन आधी बोल्टने किंवा क्लॅम्पने जखडून मगच मोटर काढायची. आपली केबलची आहे, केबल पाहिली, एकही तार सुटलेली नाही, पुली शाबूत. केबलवाली जाणार असेल तर आधी कटकट आवाज येते आणि काच तिरपी चढते.

रबराच्या खाचेतून जे निघालं ते पाहण्यासारखं होतं. धूळ, पुराचा गाळ, आणि त्यावर कोणीतरी कधीतरी घातलेलं ग्रीस, सगळं मिळून दगड झालेलं. ग्रीस आणि तेल रबराला फुगवतात आणि धूळ धरून ठेवतात, काही दिवस काच मऊ चालते आणि मग पहिल्यापेक्षा जड. शिवाय आधीच्या मालकाने लावलेल्या काळ्या फिल्मची कड सुटून खाचेत गोळा झाली होती. फिल्म पूर्ण काढली. काका म्हणाले काढतेच आहे तर नवीन लावून घे, ऊन किती लागते. पण सुप्रीम कोर्टाने २७ एप्रिल २०१२ च्या निकालात काचेवर फिल्म चिकटवायलाच मनाई केली होती, किती टक्के उजेड आत येते याचा प्रश्नच नव्हता. कंपनीतून येणाऱ्या काचेला मात्र नियमात बसेल एवढी रंगछटा चालते, समोर-मागे ७० टक्के आणि बाजूला ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. म्हणून नाही लावली.

पट्टीला कापड गुंडाळून साबणाच्या पाण्याने खाच वरपासून खालपर्यंत धुतली, पुन्हा पुन्हा, कापड पांढरं निघेपर्यंत. पूर्ण वाळल्यावर सिलिकॉन स्प्रे. काच हाताने सहज सरकली. मशीनला जोडून मोजलं, ७ अँपिअर. लागोपाठ वर-खाली केलं तरी थांबली नाही.

२२ जून, शनिवार

पाऊस कधीही धरेल म्हणून दारं बंद करायचं काम. दाराच्या तळाला पाणी जायला भोकं असतात, काचेच्या बाहेरच्या पट्टीतून पाणी आत येतेच, ते या भोकातून खाली जायला पाहिजे. डाव्या मागच्या दाराची सगळी भोकं गाळाने बंद. बारीक तार घालून मोकळी केली, आतून पाणी मारून गाळ काढला. मग प्लॅस्टिकचा कागद तीच लांबी ड्रायरने थोडी गरम करून जागच्या जागी दाबून बसवला, खालची कड तर बोटाने पूर्ण फिरून. पॅड लावायच्या आधी काचेवर बादलीभर पाणी ओतलं, सगळं दाराच्या खालून गेलं, कागदाच्या आतल्या बाजूला थेंब नाही. दोन्ही दारांची पॅडं नवीन क्लिपांनी बसवली.

खर्च सगळा मिळून हजाराच्या आत, त्यात सिलिकॉन स्प्रे सगळ्यात महाग.

३० जून, रविवार

गाडी रोज चालून राहिली, दवाखान्याच्या फेऱ्या, एकदा रामटेक. चारही काचा ठीक. आज पुन्हा मोजलं, अर्थच्या पिनवर दाबल्यावर ०.१५, वाढ नाही. डावी मागची ७ वरच आहे.

ताईची मुलं येतात म्हणून एक सवय घरात लावली आहे. मुलं मागे असली की विंडो लॉक दाबलेलं, आणि गाडीतून उतरताना चावी काढूनच, कारण आपल्या गाडीच्या काचेत काही अडकलं तर ती आपोआप खाली येत नाही, तशी सोय या मॉडेलमध्ये नाही. ज्यांच्या गाडीत ती आहे त्यांनी बॅटरी काढून पुन्हा जोडल्यावर काच पूर्ण खाली, मग पूर्ण वर नेऊन स्विच काही सेकंद धरून ठेवावा, बहुतेक गाड्यांमध्ये तेवढ्याने सेटिंग परत येते, नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तकात असते.

राहिलेलं काम: समोरच्या डाव्या दाराचा भाता अजून उघडला नाही. ते दार ड्रायव्हरच्या खालोखाल वापरलं जाते, वायरी त्याच वयाच्या आहेत. २.५ ची वायर थोडी उरली आहे, १.५ ची आणावी लागेल. आणि बल्बची ती टेस्ट त्या दारालाही लावायची, मोटरच्या कपलरवर, दार हलवत.